काकांच्या खिशातली डायरी आणि आमचं ॲप: डेव्हलपर लोकांसाठी यूएक्स, साध्या भाषेत

मागच्या हंगामात, ऑक्टोबर छाटणी होऊन महिना झाला असेल, तेव्हा मी दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागेत गेले होते. नाशिकहून म्हसरूळमार्गे निघालं की फार लांब नाही. आमच्या ५ जणांच्या टीमने फवारणीच्या नोंदी ठेवायचं ॲप केलंय, त्यातलं फ्रंटएंड, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग, मी बघते, आणि तोपर्यंत ते ॲप मी फक्त माझ्या टेबलावर, मोठ्या मॉनिटरवर, फुल वायफायवर बघितलं होतं. बागवाले काका नुकतेच फवारणी करून ट्रॅक्टरवरून उतरलेले. ११ वाजले होते, ऊन चांगलं तापलेलं. औषध लागू नये म्हणून फोन त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला होता. मी म्हटलं, काका, आत्ताची फवारणी ॲपमध्ये टाका ना, मी नुसती बाजूला उभी राहून बघते.

त्यांनी फोन काढला, हात शर्टाला पुसले, स्क्रीनवर तळव्याची सावली धरली आणि डोळे बारीक करून बघत बसले, कारण आम्ही सगळी लेबलं पांढऱ्यावर हलक्या राखाडी रंगात दिली होती, जी ऑफिसात फार छान दिसायची. औषधाच्या यादीत त्यांना एम पंचेचाळीस सापडेना, कारण आम्ही तिथं 'मॅन्कोझेब ७५ टक्के डब्ल्यूपी' असं लिहिलं होतं. मग ॲपने प्रमाण विचारलं, तेही ग्रॅम प्रति लिटरमध्ये, आणि काका तर २०० लिटरच्या टाकीला अर्धा किलो असा हिशोब धरतात. शेवटी सेव्ह दाबलं तर नुसतं गोल फिरत राहिलं, बागेत रेंज एक काडी. त्यांनी परत दाबलं. परत एकदा दाबलं. मग मला म्हणाले, "राहू द्या ताई, घरी गेल्यावर बघू," आणि खिशातून एक छोटी, घामाने कडा मऊ पडलेली डायरी काढली, पेनाने २ ओळी लिहिल्या आणि डायरी परत खिशात. सगळं मिळून अर्धा मिनिट पण नाही लागलं. संध्याकाळी मी डेटाबेसमध्ये बघितलं तर त्या एका फवारणीच्या ३ नोंदी पडल्या होत्या.

मला त्या दिवशी जे कळलं ते सांगायला हा लेख लिहितेय. यूएक्स वर बरंच काही वाचायला मिळतं, पण डेव्हलपरने सुरुवात कुठून करायची हे माझ्या मते एका वाक्यात सांगता येतं: तुमचं सॉफ्टवेअर ज्या कागदाची जागा घेणार आहे तो कागद आधी नीट वाचा. वही, डायरी, पावतीपुस्तक, भिंतीवरचं कॅलेंडर, जे काय असेल ते. त्या कागदाने वर्षानुवर्षं माणसाला काही सोयी गुपचूप दिलेल्या असतात, आणि आपण ॲप बनवताना त्या एकेक करून काढून घेतो आणि आपल्याला कळतही नाही.

आधी शब्दाचा थोडा घोळ मिटवू. यूआय म्हणजे स्क्रीनवर जे दिसतं ते, बटणं, रंग, फॉन्ट, मेनू. यूएक्स, म्हणजे यूजर एक्सपिरियन्स, हा माणसाचा पूर्ण अनुभव, फोन खिशातून काढल्यापासून ते काम झाल्याची खात्री पटून फोन परत खिशात जाईपर्यंत, आणि त्याच्याही पुढे ती नोंद कधीतरी उपयोगी पडेपर्यंत. हा शब्द रूढ केला डिझाइनतज्ज्ञ डॉन नॉर्मन यांनी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते ॲपलमध्ये होते तेव्हा, कारण इंटरफेस हा शब्द त्यांना तोकडा वाटत होता. आमच्या बाबतीत सांगायचं तर काकांसाठी अनुभव म्हणजे तो फॉर्म नव्हेच. निर्यातीच्या द्राक्षाची रेसिड्यू तपासणी, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशांची तपासणी, होते, युरोपात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते, आणि २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती ते नाशिकच्या बागायतदारांच्या अजून लक्षात आहे. कोणतं औषध, किती, कधी मारलं ही नोंद म्हणजे त्यांच्या वर्षभराच्या मेहनतीचा पुरावा. तो पुरावा नीट जपला जातोय की नाही, हा त्यांचा अनुभव. बटणाचे कोपरे गोल आहेत की चौकोनी, हे त्यात फार खाली येतं.

तर त्या डायरीकडे येते. मी काकांना विचारून ती हातात घेतली आणि बराच वेळ चाळत बसले.

पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे डायरी उघडली की मागची नोंद समोरच असते. शोधावी लागत नाही, आठवावी लागत नाही. आमचं ॲप मात्र दर वेळी कोरा फॉर्म दाखवायचं, जणू हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच फवारणी करतोय. यूएक्समध्ये यासाठी जुना नियम आहे, यूएक्सतज्ज्ञ याकोब नीलसन यांच्या १९९४ च्या १० तत्त्वांपैकी एक: माणसाला आठवायला लावू नका, ओळखायला द्या. आठवणं अवघड असतं, समोर दिसलेलं ओळखणं सोपं असतं, म्हणून तर नाव आठवत नाही पण चेहरा बघितला की लगेच कळतं. आता आमच्या पहिल्या स्क्रीनवर मागच्या ३ फवारण्या दिसतात आणि प्रत्येकीखाली 'परत हीच' असं बटण आहे.

हे 'परत हीच' सुद्धा डायरीतूनच आलं. तिथं ओळीखाली ओळ होती आणि बऱ्याच ठिकाणी काकांनी नुसती २ टिंबं देऊन 'वरीलप्रमाणे' म्हटलं होतं. प्लॉट तोच, टाकी तीच, पाणी तेवढंच, फक्त तारीख आणि औषध बदललेलं. आपण फॉर्म बनवतो तेव्हा प्रत्येक रकाना रिकामा ठेवतो आणि त्याला शिस्त म्हणतो, पण ज्या रकान्याचं उत्तर १० पैकी ९ वेळा तेच असतं तो आधीच भरून ठेवायला काय हरकत आहे. तारीख आजची, प्लॉट मागचा, पाणी मागच्याइतकं. चुकीचं असेल तर माणूस बदलेल. डीफॉल्ट ही आळसाची सोय वाटते खरी, पण डेव्हलपरच्या हातातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी यूएक्स सुधारणा तीच आहे असं माझं मत झालंय.

आता प्रमाणाचं. २०० लिटरला ५०० ग्रॅम म्हणजे लिटरला अडीच ग्रॅम, हा भागाकार ऊन डोक्यावर असताना, हाताला औषधाचा वास येत असताना, काकांनी का करायचा? मशीन कशाला आहे मग? लॅरी टेस्लर म्हणून एक संगणकतज्ज्ञ होते, कट-कॉपी-पेस्ट ज्यांच्यामुळे आपल्यापर्यंत आलं ते, त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक कामात काही किचकटपणा असतो जो नाहीसा करता येत नाही, प्रश्न फक्त एवढाच की तो कोणी सोसायचा, वापरणाऱ्याने की बनवणाऱ्याने. मला हे फार पटतं. आम्ही एक दिवस खर्च करून कोड लिहिला की काकांचे कष्ट दरवेळी वाचतात, वर्षभर वाचतात, आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांचेच वाचतात. आता आम्ही विचारतो 'टाकी किती लिटरची' आणि 'टाकीत किती टाकलं', बाकीचा हिशोब आतल्या आत होतो. औषधाच्या यादीतही दुकानात जे नाव घेतात ते वर मोठं आणि शास्त्रीय नाव खाली बारीक. बोर्डो मिश्रणाला बोर्डोच लिहायचं. रोगाच्या जागी भुरी, डाऊनी, करपा. जे शब्द बांधावर ऐकू येतात तेच स्क्रीनवर यायला पाहिजेत, यात कसलाही कमीपणा नाही.

यादीवरून आठवलं, मेनूत ७ पेक्षा जास्त गोष्टी ठेवू नयेत असा एक नियम इंटरनेटवर सगळीकडे फिरतो आणि त्याच्याबरोबर मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांचं नाव जोडलेलं असतं. मिलर यांचा १९५६ चा निबंध हा थोड्या वेळासाठी डोक्यात किती गोष्टी धरता येतात याबद्दल होता. मेनू तर डोळ्यासमोर असतो, डोक्यात धरावा लागत नाही. त्यामुळे सरसकट ७ चा आकडा धरून बसू नका, त्यापेक्षा जास्त वापरल्या जाणाऱ्या गोष्टी वर आणा आणि शोधायची सोय द्या.

सगळ्यात जास्त वेळ मला ज्यावर लिहायचंय ते म्हणजे ते गोल फिरणं. पेनाने लिहिलं की शाई उमटते. लिहिलं गेलं की नाही याबद्दल मनात शंकाच राहत नाही. आमच्या सेव्ह बटणाने काकांना काहीच सांगितलं नाही, म्हणून त्यांनी ३ वेळा दाबलं, आणि त्यात त्यांची काडीची चूक नाही. दारावर थाप मारली आणि आतून आवाज आला नाही तर आपण परत थाप मारतोच ना.

स्क्रीनने काय झालंय ते सांगायचं, आणि खरं सांगायचं. या 'खरं' वर जोर देण्याचं कारण सांगते. १९७९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. त्यात एक झडप उघडीच अडकून राहिली होती आणि तिच्यातून थंड करणारं पाणी निघून जात होतं. कंट्रोल रूममध्ये त्या झडपेसाठी एक दिवा होता आणि तो विझला होता, म्हणून तिथल्या लोकांना वाटलं झडप बंद झाली. प्रत्यक्षात तो दिवा झडप कुठल्या स्थितीत आहे हे दाखवतच नव्हता, झडपेला बंद व्हायचा हुकूम गेला एवढंच दाखवत होता. २ तासांहून जास्त वेळ ती झडप उघडी राहिली. हुकूम दिला आणि काम झालं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता तुमच्या कोडमध्ये बघा, रिक्वेस्ट पाठवल्या पाठवल्या 'सेव्ह झालं' असा हिरवा टोस्ट (क्षणभर दिसणारी पट्टी) दाखवताय का, की सर्व्हरकडून उत्तर आल्यावर? आमच्या कोडमध्ये २ ठिकाणी चक्क पाठवल्या पाठवल्या दाखवलं होतं. नुसता साधा फॉर्म असता तरी मी घाबरले असते, इथं तर तो माणसाचा पुरावा आहे.

मग करायचं काय? आपल्याकडे याचं उत्तर सगळ्यांना आधीच पाठ आहे, व्हॉट्सॲपच्या टिका. एक टिक म्हणजे माझ्याकडून गेलं, दोन टिका म्हणजे पोचलं. काकांनाही माहितीये, त्यांच्या आईलाही माहितीये. आम्ही तीच पद्धत घेतली: सेव्ह दाबलं की नोंद लगेच फोनमध्येच साठवायची, 'फोनमध्ये ठेवलं, रेंज आली की पाठवतो' असं लिहायचं आणि एक टिक, सर्व्हरने होकार दिला की दोन टिका. रेंज नसली तरी काम अडत नाही. आणि ३ नोंदी पडण्याच्या घोळावर तांत्रिक उपाय असा की फॉर्म उघडतानाच फोनवर त्या नोंदीला एक युनिक आयडी द्यायचा, म्हणजे तीच नोंद १० वेळा गेली तरी सर्व्हर आयडी बघून एकच ठेवतो. बॅकएंडवाले म्हणतील हे तर आमचं काम, यात यूएक्स कुठं आलं. इथंच तर आलं. बागेतल्या माणसाला फ्रंटएंड बॅकएंड असं काही दिसत नाही, त्याला फक्त विश्वास ठेवता येतो किंवा येत नाही.

वेळेचे ढोबळ आकडे डोक्यात ठेवायला बरे असतात. बोट लागल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागात काहीतरी हललं तर माणसाला वाटतं लगेच झालं. १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही. १० सेकंदांच्या पुढे गेलं की लक्ष उडालंच म्हणून समजा, तिथं किती झालं किती राहिलं हे दाखवायलाच पाहिजे. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम हळू करायची सोय असते, ती लावून आठवड्यातून एकदा तरी स्वतःचं ॲप वापरा. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये सध्या बरेच जण काही ना काही बनवतायत, त्यांनी तर रामकुंडावर लाखोंची गर्दी असताना, एकाच टॉवरवर सगळे तुटून पडलेले असताना, परगावच्या म्हाताऱ्या माणसाच्या हातात १५ टक्के बॅटरीचा फोन असताना काय होईल एवढं एकच चित्र भिंतीवर लावून कामाला बसावं.

डायरीत चुकलेल्या ओळीवर एक आडवी रेघ होती आणि खाली बरोबर ओळ. जुनी ओळ वाचता येत होती, म्हणजे काय चुकलं होतं तेही कळत होतं. आमच्या ॲपमध्ये काय होतं? 'तुम्हाला खात्री आहे का?' होय, नाही. हा प्रश्न आपण दिवसातून इतक्या वेळा विचारतो की माणूस न वाचता होय दाबतो, बोटाला सवयच लागलेली असते. विचारून चूक थांबत नाही, फार तर चुकीची जबाबदारी समोरच्यावर ढकलली जाते. त्यापेक्षा जे केलं ते परत फिरवायची सोय द्या. १३ जानेवारी २०१८ ला हवाई बेटांवर लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येतंय असा इशारा गेला, जो खोटा होता, आणि तो खोटा आहे हे सांगणारा संदेश फोनवर यायला ३८ मिनिटं लागली, कारण इशारा मागे घ्यायचा संदेश तयारच ठेवलेला नव्हता. पाठवायचा रस्ता तयार आणि परतीचा रस्ता नाही. आपल्या साध्या ॲपमध्येही हेच असतं: डिलीट लगेच होतं आणि परत आणायचं म्हटलं की सपोर्टला फोन करा. आम्ही आता डिलीट दाबलं की नोंद बाजूला करतो, खाली 'परत आणा' दाखवतो, आणि दुरुस्त केलेल्या नोंदीखाली जुनी नोंद रेघ मारून ठेवतो, अगदी डायरीसारखी. पॅकहाऊसमध्ये नोंदी तपासणाऱ्यांनाही ते बरं पडतं, गुपचूप बदललेलं काही नाही हे दिसतं.

अर्धवट ओळी पण होत्या डायरीत. नुसतं 'डाऊनी, मागचा प्लॉट' आणि पुढे मोकळं. डायरीने त्यांना कधी अडवलं नाही की आधी सगळं भरा मगच पान उलटा. आमच्या फॉर्ममध्ये १४ रकाने होते, त्यातले ११ सक्तीचे, आणि एक जरी राहिला तर वर लाल अक्षरात 'अवैध इनपुट'. कुठला इनपुट, का अवैध, काय करू, काहीच नाही. चूक दाखवणारा संदेश लिहायचा असेल तर बाजूला उभं राहून तोंडाने कसं सांगाल तसं लिहा: 'टाकी किती लिटरची ते राहिलं', आणि तो संदेश त्या रकान्याशेजारीच. भरलेलं काही पुसू नका. माणूस अजून टाइप करतोय तोवर लाल करू नका, रकान्यातून बाहेर पडल्यावर सांगा. फोन नंबरमध्ये मधे स्पेस दिली म्हणून नाकारू नका, स्पेस काढून टाकणं एका ओळीचं काम आहे.

आकड्यांवरून एक खास आपला प्रॉब्लेम सांगते जो इंग्रजी लेखांमध्ये सापडत नाही. काकांच्या फोनचा कीबोर्ड मराठी होता, त्यांनी पाण्याच्या रकान्यात ५०० असं देवनागरीत टाकलं आणि जावास्क्रिप्टने ते आकडा म्हणून ओळखलंच नाही, सरळ नॉट अ नंबर. गंमत अशी की पायथनला तेच ५०० दिलं तर बरोबर ५०० मिळतात. म्हणजे मराठी माणसाने मराठीत आकडा लिहिला ही चूक ठरली, ते पण नाशिक जिल्ह्यात. मला याचं खरंच वाईट वाटलं. देवनागरी अंक आधी बदलून घ्यायचा फंक्शन १० ओळींचा पण होत नाही, आजच लिहून टाका.

तसंच अक्षरांचं. 'द्राक्षे' या शब्दात डोळ्याला २ अक्षरं दिसतात, द्रा आणि क्षे, पण युनिकोडच्या हिशोबात ते ८ तुकडे आहेत. कोणीतरी नाव ६ वर कापून पुढे ३ टिंबं द्यायचा कोड लिहितो आणि स्क्रीनवर येतं 'द्राक्', पाय मोडका. कापायचंच असेल तर अक्षरसमूह ओळखणारी लायब्ररी वापरा, नाहीतर कापूच नका, दुसऱ्या ओळीवर जाऊ द्या. सीएसएसमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, त्या वाटेला जाऊच नका. ओळींमधली उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली तर वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला जातो, थोडी जास्त ठेवा. आणि नाव एकाच रकान्यात घ्या, सातबाऱ्यावर असतं तसं पूर्ण.

रंगाचं आणि मापाचं पटकन सांगते कारण ते सोपं आहे, फक्त करायचं राहून जातं. साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट कमीत कमी ४.५ ला १ असावा असं वेबच्या सुलभतेचं मानक सांगतं. आमचा तो सुंदर राखाडी, ज्याच्या सहा आकडी रंग-कोडमध्ये सहाही जागी ९ होते, पांढऱ्यावर जेमतेम २.८५ भरत होता. मोजायची फुकट साधनं आहेत, मोजा. बोट लावायच्या जागेचं माप ॲपल ४४ पॉइंट म्हणतं, अँड्रॉइडचं मार्गदर्शन ४८ डीपी. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली दाखवून दिलं होतं की लक्ष्य जितकं लहान आणि लांब तितका तिथं पोचायला वेळ जास्त, आणि ओल्या बोटाला तर अजूनच अवघड. महत्त्वाचं बटण खाली, अंगठ्याच्या टप्प्यात, रुंद. आणि फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी करून एकदा ॲप उघडून बघा, कारण चाळिशी लागलेल्या बऱ्याच जणांचा फोन तसाच असतो आणि तिथं आमची अर्धी बटणं स्क्रीनच्या बाहेर गेली होती.

आता बघायचं कसं याबद्दल. किती लोकांना बसवायचं? नीलसन आणि लँडाउअर यांच्या १९९३ च्या गणितावरून ५ माणसं हा आकडा प्रसिद्ध झाला, एकसारखं काम करणाऱ्या ५ जणांना बघितलं की वापरातल्या अडचणींपैकी साधारण ८५ टक्के समोर येतात असा तो हिशोब. आकडा काटेकोर धरू नका, पण दिशा बरोबर आहे: एकदाच ५० जणांना बोलवण्यापेक्षा ५ जण बघा, दुरुस्त करा, परत ५ जण बघा. बसवल्यावर 'आवडलं का?' असं विचारू नका. आपल्याकडे पाहुण्याला कोणी वाईट म्हणत नाही, चहा देतील आणि म्हणतील लय भारी केलंय. काम द्या. 'ते प्लसचं बटण दाबा' हे काम नव्हे, 'कालची फवारणी नोंदवा' हे काम. मग गप्प बसा, हे सगळ्यात अवघड, समोरचा अडकला की आपला हात आपोआप फोनकडे जातो. मी आता दोन्ही हातात चहाचा कप धरून बसते. अडकले की लगेच मदत नाही करायची, फक्त विचारायचं, आत्ता काय शोधताय? त्या उत्तरात तुमच्या स्क्रीनचं पुढचं लेबल असतं, जसंच्या तसं.

आणि कोणाला बसवताय तेही तपासा. ही गोष्ट मला डायरीनेच सांगितली. पानं उलटताना माझ्या लक्षात आलं की त्यात २ जणांची हस्ताक्षरं आहेत. एक काकांचं, मोठं, घाईचं, कुठं कुठं औषधाचा डाग. दुसरं बारीक, सरळ रेषेत, निळ्या पेनाचं. मी विचारलं तर काका म्हणाले, ते सूनबाईंचं, रात्री ती सगळं नीट लिहून काढते, बाटल्या बघून. म्हणजे आम्ही ६ महिने ज्या एका वापरणाऱ्याचा विचार करत होतो तो एक नव्हताच. बागेतली कच्ची नोंद वेगळी, रात्री ओट्यावर बसून केलेली पक्की नोंद वेगळी, माणसं वेगळी, उजेड वेगळा, हातातला वेळ वेगळा. १४ रकान्यांचा फॉर्म बागेत दाखवणं हीच मुळात चूक होती. आता काकांच्या फोनवर ३ गोष्टी: 'परत हीच', औषधाच्या बाटलीचा फोटो, आणि प्लॉट. बाकीचं रात्री सूनबाईंच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, फोनवर 'हे पूर्ण करायचंय' म्हणून आपोआप येतं.

त्या वहिनींकडे मी जानेवारीत परत गेले, नवीन व्हर्जन घेऊन. भाकऱ्या उरकून त्या बसल्या, दिवसाच्या ४ नोंदी पूर्ण केल्या, एकदाही अडकल्या नाहीत. मी मनातून खूष. मग त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि ती जुनी डायरी ओढली, समासात पेन्सिलने काहीतरी लिहिलं. मी विचारलं वहिनी, आता हे काय? तर समासात आकडे होते, प्रत्येक औषधापुढे एक, २१, १५, ३०, मी आधी डायरी चाळली तेव्हा ते मला पान नंबर वाटले होते. म्हणाल्या, "हे मारल्यापासून तोडणीपर्यंत किती दिवस सोडायचे ते, लेबलवर असतं. मी रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोजते. व्यापारी आला की सगळ्यात आधी हेच बघावं लागतं, तुमच्यात कुठंय ते?"

आमच्यात नव्हतं. डेटा सगळा होता, तारीख होती, औषध होतं, दाखवायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. परत येताना म्हसरूळपर्यंत मी गाडीत तेच स्क्रीन कागदावर काढत होते. आता ॲप उघडलं की प्रत्येक प्लॉटच्या नावापुढे सगळ्यात मोठ्या अक्षरात एकच गोष्ट असते: 'तोडणीला अजून १२ दिवस', आणि त्याखाली बारीक, कुठल्या औषधामुळे ते.